बिडीने आग लागली म्हणणाऱ्यांना ग्रीसबद्दल काही प्रश्न

गेल्या गाळप हंगामात नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बगॅस वाहून नेणाऱ्या कॅरियरच्या बेअरिंगपाशी आग लागली. पाण्याचा पाइप लावून अर्ध्या तासात ती विझवली. गाळप थोडा वेळ थांबलं, पुन्हा सुरू झालं. पेपरात ओळ आली नाही. ग्रीस भरायला वर चढलेला ठेकेदाराचा एक पोरगा मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून दवाखान्यात गेला. सातपुड्यातल्या पाड्यावरचा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. आम्ही त्याला भेटायला गेलो तोवर आगीचं कारण कागदावर लिहून झालं होतं : कामगार बिडी ओढत होता. पोरगा म्हणाला, "दादा, मी बिडी ओढतच नाही. तंबाखू खातो."

ऐकून आमच्यातल्या एकाला हसू आलं. पण त्या कागदावर बिडी सहज आलेली नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातच एक पळवाट आहे. कामगाराने सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम किंवा केलेला नियम जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच इजा झाली असं दाखवता आलं, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या इजेची भरपाई मालकाला नाकारता येते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद तशीच आली आहे. गेटवर 'धूम्रपान निषिद्ध' ही पाटी असतेच. पाटी अधिक बिडी, म्हणजे भरपाई शून्य. भाजलेल्या हातांची किंमत एका शब्दाने पुसून टाकायची ही जुनी युक्ती आहे आणि ती आपल्याच पोरांवर वापरली जाते.

म्हणून आज आम्ही ग्रीसवर लिहितो आहोत. काही मित्र विचारतील, ॲट्रॉसिटी, आरक्षण, वनहक्क एवढे विषय पडलेले असताना ग्रीस कशाला? त्यांना उत्तर पुढे देऊच. आधी मूळ प्रश्न. घटकाभर धरून चालू की पोरगा खरंच बिडी ओढत होता. तरीही एका ठिणगीने लोखंडाचं बेअरिंग पेटत नाही. मग पेटलं काय?

पेटलं ते बेअरिंगभोवती साचलेलं ग्रीस आणि त्यात रुतून बसलेला बगॅसचा भुसा. ते ग्रीस कुणी निवडलं, कुणी विकत घेतलं, ते खरवडून काढायला माणूस कुणी दिला नाही, हे प्रश्न बिडीच्या धुरात दिसेनासे होतात.

याचा सगळ्यात मोठा दाखला लंडनचा आहे. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वे स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि 31 माणसं मेली. (बाबासाहेब विद्यार्थी असताना ज्या किंग हेन्रीज रोडवर राहिले ते घर तिथून फार लांब नाही. आपली माणसं ते घर पाहायला जातात, स्थानकातली स्मृतिपाटी पाहत नाहीत. पाहायला हवी.) तिथेही कारण तेच निघालं : कुणीतरी सिगारेट पेटवून काडी टाकली, ती जिन्याच्या फटीतून खाली गेली. धूम्रपानाला तिथे 1985 पासून बंदी होती. म्हणजे नियम मोडणारा प्रवासी सापडला होता, फाइल बंद करता आली असती. पण डेसमंड फेनेल यांच्या चौकशीने ती बंद केली नाही. जिन्याखालच्या रुळांना लावलेलं ग्रीस तपासलं, तर नुसतं ग्रीस काडीने सहजी पेटत नव्हतं, पेटलं तरी सावकाश जळत होतं. पण त्या ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं कपड्यांचे धागे, केस, कागदाचे कपटे मिसळून त्याची वात तयार झाली होती. दिव्यात तेल नुसतं असलं तर काडी लावून पेटत नाही, वात लागते, हे आपल्या आजीलाही ठाऊक असतं. जिना बसवल्यापासून त्या रुळांची पूर्ण सफाई कधी झालीच नव्हती. त्याआधीही तिथे जिन्यांखाली अनेकदा आगी लागल्या होत्या, पण व्यवस्थापनाच्या भाषेत त्या 'आगी' नव्हत्या, नुसतं 'धुमसणं' होतं. अहवाल आला आणि लंडनच्या वाहतुकीचे दोन सर्वोच्च अधिकारी पायउतार झाले. काडी टाकणाऱ्याच्या मागे लपायला त्यांना जागा मिळाली नाही.

आता लंडनमधून शहाद्याला या. धाग्यांच्या जागी कापसाची रुई ठेवा, म्हणजे जिनिंग झालं. बगॅसचा भुसा ठेवा, म्हणजे साखर कारखाना झाला. मिरचीची पूड ठेवा, म्हणजे नंदुरबारचं मिरची कांडप झालं. आपल्या जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक उद्योग असा आहे की त्यात हवेत सतत काहीतरी जळणारं उडत असतं आणि ते ग्रीसवर जाऊन बसतं. इथे ग्रीसला वात बाहेरून आणावी लागत नाही, कारखाना स्वतःच चोवीस तास वात वळतो.

ग्रीस म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय पुढे भांडता येणार नाही. ग्रीस हे वेगळं द्रव्य नाही. ते तेलच आहे, साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं. स्पंज पाणी धरतो तसा हा साबण तेल धरतो. त्यात बहुतेक भाग तेलाचा, थोडा भाग साबणाचा आणि चिमूटभर इतर रसायनं. गरम होत गेलं की एका तापमानाला जाळी सुटते आणि तेल ठिबकू लागतं, त्याला ड्रॉपिंग पॉइंट म्हणतात. चुन्याच्या साबणाचं जुनं स्वस्त ग्रीस 100 अंशांच्या आसपासच सुटतं. गॅरेजमध्ये एपी थ्री म्हणून मिळतं ते लिथियमचं ग्रीस साधारण 180 ते 200 अंशांना सुटतं. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स नावाचं ग्रीस 300 अंशांच्या आसपासही तग धरतं. आग लागल्यावर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. लवकर सुटणारं ग्रीस पेटतं तेल होऊन खाली ठिबकतं, खाली बगॅसचा ढीग असतो, ढिगाशेजारी माणूस असतो. न सुटणारं ग्रीस जागेवर राहतं, म्हणजे आगही जागेवर राहते.

पण इथे सावध राहा. 'आमच्या ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट तीनशे आहे, म्हणजे ते आगरोधक आहे' असं कुणी सेल्समन म्हणाला तर त्याला थांबवा. ड्रॉपिंग पॉइंट जाळीचा गुण आहे, पेटणं हा तेलाचा गुण आहे. आतलं तेल साधं खनिज तेल असेल तर त्याची वाफ दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या पुढे ठिणगी पकडतेच. खरं आगरोधक ग्रीस करायचं तर तेलही बदलावं लागतं : जास्त तापमानाला पेट घेणारी एस्टर जातीची कृत्रिम तेलं घ्यावी लागतात. शिवाय आग लागली की स्वतः पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड सोडणारी खनिज पूड त्यात घालता येते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे त्यातलं सोपं उदाहरण. त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पाणीच असतं आणि दोनशे अंशांच्या पुढे ते पाणी सुटून ज्वाळा थंड करतं. म्हणजे ग्रीसच्या पोटातच पाण्याची बादली ठेवली. अर्थात पूड फार झाली तर ग्रीस घट्ट होतं, लांब नळीतून पुढे सरकत नाही, म्हणून मापात घालावी लागते. पोलादाच्या कारखान्यांत, जिथे वितळलेलं लोखंड उडतं, तिथे अशा वंगणांचा विचार केला जातो. तिथे लाल लोखंड डोळ्यांना दिसतं म्हणून भीती आहे. आपल्याकडे उसाचं चिपाड निरुपद्रवी दिसतं म्हणून भीती नाही.

आगरोधक वंगणांचा इतिहास कुणाच्या प्रेतांवर उभा आहे, हेही आपण वाचलं पाहिजे. 8 ऑगस्ट 1956 रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल गावच्या कोळसा खाणीत एक वॅगन पाळण्यात नीट बसली नाही. पाळणा वर निघाला तेव्हा तिने विजेच्या तारा आणि तेलाची नळी तोडली. तेलाचा फवारा उडाला, पेटला, आणि 262 खाणकामगार मेले. त्यातले 136 इटलीचे स्थलांतरित होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने बेल्जियमशी करार केला होता : आम्ही माणसं देतो, तुम्ही कोळसा द्या. माणसाच्या बदल्यात कोळसा! त्या मृत्यूंनंतर युरोपातल्या कोळसा-पोलाद समूहाने खाण सुरक्षा आयोग नेमला आणि खाणीत वापरायच्या तेलांना आग लागू नये म्हणून चाचण्या ठरवल्या. आज जगभर आगरोधक हायड्रॉलिक तेलांच्या ज्या वर्गवाऱ्या आहेत, त्यांची मुळं त्या खाणीपर्यंत जातात. दिवाळी झाली की अक्कलकुवा, तळोदा, धडगावमधून पोराबाळांसह गाड्या भरून सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आम्हाला राग याचा येतो की तिकडे 262 मेल्यावर चाचणी तरी आली.

आपल्याकडे शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ वाघाडीला, 31 ऑगस्ट 2019 रोजी रसायन कारखान्यात स्फोट झाला, बारापेक्षा जास्त माणसं गेली. तो ग्रीसचा अपघात नव्हता, दोन्हींची गल्लत आम्ही करत नाही. पण त्यानंतर आजूबाजूच्या कारखान्यांत कुठल्या डब्यात काय आहे हे कामगारांना मराठीत, अहिराणीत, भिलीत सांगायला कुणी गेलं का? आम्ही ज्या-ज्या कामगारांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही आपण हाताने भरतो त्या ग्रीसचं नाव माहीत नव्हतं. 'काळं' आणि 'पिवळं' एवढंच.

आता जातीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. ग्रीस भरणं हे कारखान्यातलं सगळ्यात खालचं काम समजलं जातं. हात काळे होतात, कपडे धुऊन निघत नाहीत, वास जात नाही. ऑइलमन ही कायम पदावरची नोकरी होती तेव्हा त्याला हंगामाबाहेरही पगार होता, शिकाऊ माणूस त्याच्या हाताखाली शिकायचा. कुठल्या बेअरिंगला किती पंप मारायचे, कान लावून बेअरिंग कसं ओळखायचं, हे ज्ञान होतं. आता अनेक ठिकाणी ते काम ठेक्यावर गेलं आणि ठेकेदार पाड्यावरून नाहीतर बौद्धवाड्यातून रोजंदारीची पोरं आणतो. त्यांना एकच सांगितलं जातं : ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहा. हे चूक आहे. बेअरिंग गच्च भरलं की आतलं ग्रीस घुसळून तापतं, सील फोडून बाहेर येतं आणि बाहेर भुसा वाटच पाहत असतो. एका जातीचं ग्रीस असताना वर दुसऱ्या जातीचं भरलं तर दोन्ही पातळ होऊन गळतात. लिथियमवर मातीचं, म्हणजे बेंटोनाइटचं, हे त्यातलं नेहमीचं. आम्ही मुद्दाम 'जात' हा शब्द वापरला. ग्रीसच्या जातींची एवढी काळजी घ्यावी लागते आणि माणसांच्या जाती मात्र एकाच खालच्या कामात कोंबल्या जातात, हा विनोद आमचा नाही, व्यवस्थेचा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ होई. जास्त पगाराचं खातं बंद, कमी पगाराचं उघडं. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात रेल्वेत आपला माणूस गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये कारागीर होत नाही, हेही त्यांनी मांडलं, ते आपण विसरतो. म्हणजे कोण कुठल्या यंत्रापाशी उभा राहतो हा जातीचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. आणि ग्रीस कशाला, असं विचारणाऱ्या मित्रांनी आठवावं की 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. वर बसून भाषण देता आलं असतं.

कायद्याचं सांगायचं तर 1948 च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 22 प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. चालू यंत्राला तेलपाणी करायचं तर ते खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करायचं, अंगाला घट्ट बसणारे कपडे त्याला मालकाने पुरवायचे, आणि त्याचं नाव त्यासाठीच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. त्या पोराचं नाव अशा रजिस्टरमध्ये होतं का? आम्ही विचारलं. उत्तर मिळालं, तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. यंत्र तुमचं, ग्रीस तुमचं, आग तुमची, भाजलेला तेवढा ठेकेदाराचा! (बाईला हे काम करू द्यायचं नाही, असंही त्याच कलमात आहे. तिला प्रशिक्षणच न देता नुसती बंदी का, हा वेगळा वाद आहे आणि आमच्या मैत्रिणींनी तो घालावा.) नोव्हेंबर 2025 पासून फॅक्टरी ॲक्टची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात असे अनेक तपशील सरकारने पुढे करायच्या नियमांवर सोडलेत. नियम करताना आपण झोपलो तर कलम 22 चं रजिस्टर कुठल्या तरी फडताळात कायमचं जाईल.

मालकांचा युक्तिवाद ठरलेला आहे : आगरोधक ग्रीस महाग पडतं. पडतंच, ते आम्हीही मान्य करतो. सगळ्या कारखान्यात तेच भरा असं आम्ही म्हणत नाही. जिथे भुसा उडतो, जिथे ठिणगी पोचते, जिथे माणूस हात घालतो, अशा मोजक्या जागा असतात, तिथे भरा. बाकीच्या ठिकाणी साधं चालेल, पण खरवडायला माणूस द्या, आणि हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगला गॅस कटर लावण्याआधी त्या जागेचं जुनं ग्रीस पुसून काढा. याला महागडं रसायन लागत नाही, चार माणसांची हक्काची मजुरी लागते. खरेदी समितीच्या टेंडरमध्ये सगळ्यात कमी दराचा रकाना असतो. पेट घेण्याच्या तापमानाचाही रकाना टाका, एवढीच मागणी.

आणि स्वस्तातलं आगरोधकही नको. विसाव्या शतकात पीसीबी नावाची तेलं आग लागत नाही म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये, हायड्रॉलिकमध्ये भरली गेली. 1968 मध्ये जपानात ती खाद्यतेलात उतरली आणि हजारो लोकांना विषबाधा झाली. नंतर देशोदेशी त्यांवर बंदी आली. फॉस्फेट एस्टर आग अडवतात, पण त्यातले काही प्रकार नसा निकामी करतात. आगीपासून वाचवून विषात बुडवायचं, हा सौदा आपल्याला मान्य नाही. म्हणून डब्याबरोबर येणारा सुरक्षा माहितीचा कागद कामगाराला कळेल अशा भाषेत गेटवर लावला पाहिजे. इंग्रजीतला कागद स्टोअरकीपरच्या ड्रॉवरमध्ये असणं म्हणजे नसणंच.

1970 च्या दशकात याच शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने जमीन आणि मजुरीसाठी भिल शेतमजूर उभा केला. त्यांची नातवंडं आता शेतात कमी आणि कारखान्यात जास्त दिसतात, आपल्या संघटनांच्या बैठकीत मात्र अजून सात-बाराचीच भाषा चालते. आमचा आग्रह आहे की आयटीआय, डिप्लोमा केलेल्या आपल्या पोरापोरींनी वंगणशास्त्र हा विषय धरावा. ज्याला बेअरिंगचं तापमान मोजता येतं, त्याच्यासमोर कुणाला 'बिडी' लिहिता येत नाही.

त्या पोराच्या भरपाईचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. त्याला जोडायला जळालेल्या जागेवरच्या ग्रीसचं नाव आणि माहितीपत्रक हवं म्हणून कारखान्याला पत्र दिलं. अजून उत्तर नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे : त्या दिवशीचं रजिस्टर, आगीचा अहवाल, मागच्या आगींची नोंद. धुमसण्याचीही. पोराचे हात बरे होत आहेत, डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. पुढच्या हंगामाआधी आम्ही पुन्हा त्या गेटवर जाणार आहोत. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कळवावं. येताना जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन ग्रीसचा एक डबा उलटा करून त्यावरचं लेबल पूर्ण वाचून यावं.